डोळे कसे होते ते लिही

४ फेब्रुवारी

चि. विसरभोळ्या पाणकोंबडीस,

आजीचे अनेक आशीर्वाद, आजी आठवत असेल तर.

आठवत नसेल तर सांगते. बुटकी, डाव्या कानाने बहिरी, उजव्या कानाने सोयीप्रमाणे. तुला न्हाऊ घालताना डोक्यावर तांब्या ओतला की तू अख्खी गल्ली गोळा करायचीस, ती मीच ओतणारी. आता त्याच पाण्याच्या तळाशी जाऊन बसतेस म्हणे. नोव्हेंबरात गेलीस, पोचल्याचं चार ओळींचं पत्र आलं, मग सगळं शांत. आईला फोन करतेस हे मला माहीत आहे. पण माझ्या हातात फोन दिला की मला ऐकू येत नाही, तुला सुचत नाही, आणि सगळं ठीक आहे म्हणून तू ठेवून देतेस.

हे पत्र खालचे शिंपीबुवा लिहून घेतायत. मी दोन वार सांगते, ते दीड वार लिहितात. उरलेलं कुठे जातं हे शिंप्याला विचारायचं नसतं. हे वाक्य त्यांनी लिहिलं का ते कळव.

तुझी आई म्हणते, विम्याच्या ऑफिसातली खुर्ची सोडून पोरगी मासे मोजायला गेली. मी तिला सांगितलं की मासे मोजायला नाही, लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायची मास्तरीण व्हायला गेलीये, एप्रिलात परीक्षा आहे. सांगितलं खरं, पण मला तरी कुठे कळलंय? श्वास काय शिकवायचा? चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते. हजारो पोरं हातावरून गेली, कुणाला शिकवणी लावावी लागली नाही.

तेव्हा सविस्तर लिही. कुठे चुकतेस तेवढंच लिही. बरोबर येतं ते वाचण्यात शिंपीबुवांची शिलाई खोळंबते.

लोभ आहेच. वाढवायचा की आटवायचा ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी आजी
(सहीच्या जागी अंगठा. शाई शिंपीबुवांची.)

१५ फेब्रुवारी

ती. आजीस, पाण्यातून वर येऊन, केस पिळून सा. न. वि. वि.

शिंपीबुवांनी ते वाक्य लिहिलंय. खाली बारीक अक्षरात 'कापड उरत नाही' असंही लिहिलंय.

चुका मागितल्यास, घे. पहिली चूक हातांची. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे सगळं करून दाखवावं लागतं. विद्यार्थी तळाशी वाळूत गुडघ्यांवर बसतात. त्यांच्यासमोर मी डोळ्यांवरच्या मुखवट्यात पाणी भरून घेते आणि नाकाने फुंकून बाहेर काढते. तोंडातली हवेची नळी काढते, परत बसवते. हे सावकाश, एकेक पायरी सुटी करून दाखवायचं असतं. माझं पाच सेकंदांत होतं. आमचे मोठे सर म्हणाले, की मी उत्तम जादूगार होईन.

दुसरी चूक पाटीची. पाण्यात लिहिता येणारी प्लास्टिकची पाटी मनगटाला बांधलेली असते, तिच्यावर धड्याचा क्रम. माझं लक्ष विद्यार्थ्यांपेक्षा पाटीवर जास्त असतं, न जाणो एखादी पायरी विसरले तर.

तिसरी चूक कालची. सरावात आम्ही शिकाऊ मंडळी एकमेकांचे विद्यार्थी होतो. सर एकाला गुपचूप काहीतरी चुकायला सांगतात आणि शिकवणाऱ्याने ते पकडायचं. नळी तोंडाबाहेर असली की बारीक बुडबुडे सोडत राहायचं, श्वास कोंडायचा नाही हा आमचा पहिला नियम. कोंडलेला श्वास घेऊन कुणी वर धावलं तर छातीतली हवा वाटेत फुगते आणि फुप्फुस फाटतं. कालचा गडी माझ्यासमोर श्वास कोंडून बसला होता. मी अंगठा आणि बोटाचं वर्तुळ करून विचारलं, ठीक? त्यानेही वर्तुळ केलं. मी पुढच्याकडे वळले. सरांनी शून्य दिलं. म्हणाले, ही खूण केली की परत येतेच, नमस्काराला नमस्कार येतो तशी.

वर्गात एक पार्लरवाली बाई आहे, पन्नाशीची. मी तिच्या गटाची मदतनीस. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, केस कुणी कापले? मी म्हटलं, मीच. म्हणाली, दिसतंय. आणि बोटीच्या धक्क्यावर बसवून तिने माझी कपाळावरच्या केसांची झालर सरळ केली. पाण्याला घाबरते, पण कबूल करत नाही.

परीक्षा २८ एप्रिलला. आजी, ऑफिसात मी पाच वर्षं लोकांच्या मरणाचे तक्ते भरले. इथे सकाळी उठावंसं वाटतं. हे जमलं नाही तर दुसरं काय करायचं ते मला खरंच माहीत नाही.

आशीर्वाद दोन वार पाठव, दीड नको.

तुझी पाणकोंबडी

२४ फेब्रुवारी

चि. जादूगारणीस,

आशीर्वाद, दोन वार, मापून.

नमस्काराला नमस्कार येतो, हे तुझे सर शहाणं बोलले. वॉर्डातही तसंच. दुखतंय का गं म्हटलं की नाही म्हणायच्या, आणि खाटेची कड अशी धरलेली की पांढरी बोटं. मी तोंडाचं ऐकायचेच नाही. चादरीच्या टोकाशी जाऊन पायांची बोटं बघायचे. पायाच्या बोटांना खोटं बोलायला कुणी शिकवत नाही.

ती पाटी घरी ठेव. मला अक्षर आलं नाही म्हणून जन्मभर माणसांकडेच बघावं लागलं. तुला अक्षर येतं ही तुझी अडचण आहे, त्याला मी काय करू? त्या पार्लरवाल्या बाईला माझा नमस्कार सांग. तुझी झालर सरळ करणारं कुणीतरी भेटलं, मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

लोभ सध्या वाढवलाय. बघ, टिकतोय का.

तुझी आजी

२१ मार्च

ती. आजीस नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इथे एक अपघात झाला.

मागच्या मंगळवारी आम्ही समुद्रात होतो, सहा मीटरवर. साधारण दोन मजले. सर एका विद्यार्थ्याला घेऊन हळूहळू वर गेले होते. तळाशी दोघे जण माझ्या ताब्यात होते, त्यांतली एक पार्लरवाली बाई. तिच्या मुखवट्यात थोडं पाणी शिरलं होतं. मी ठीक का विचारलं. तिने ठीक म्हणून खूण केली. मग ती एकाएकी वर धावली. मी पाय धरायला गेले तोवर सुटली होती. श्वास कोंडलेला होता.

फुप्फुसातून निसटलेली हवा मेंदूपर्यंत गेली. तिला दोन दिवस दाबाच्या खोलीत ठेवलं, हवेचा दाब वाढवून असे बुडबुडे विरवतात तिथे. जीव वाचला. उजवा हात हलत नाही, शब्द सावकाश येतात. डॉक्टर म्हणतात, हात येईल असं धरून चालू नका.

तिने खूण केली होती. शेजारच्या विद्यार्थ्यानेही पाहिलं. माझी चूक नाही असं सगळे म्हणतात. परीक्षा ठरल्या दिवशीच आहे.

आईला सांगू नकोस.

तुझी नात

३० मार्च

चि. पोरीस आशीर्वाद.

पत्र शिंपीबुवांना तीनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा त्या बाईसाठी. दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. तिसऱ्यांदा मी त्यांना म्हटलं, आता सावकाश वाचा, डोळ्यांचं काही लिहिलंय का बघा. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, नीट बघा, घडीत राहिलं असेल. घडीतही नव्हतं.

तू खुणेचं दोनदा लिहिलंस. शेजाऱ्यानेही पाहिली म्हणून लिहिलंस. साक्षीदार काढलास तू, माझ्यापुढे. मी काय कोर्ट आहे?

तिचे डोळे कसे होते ते लिही.

आईला सांगितलेलं नाही. जेवत जा. लोभाची काळजी करू नकोस, तो कुठे जात नाही.

तुझी आजी

८ एप्रिल

ती. आजीस,

मोठे होते. काचेत मावत नव्हते. आणि बुडबुडे थांबले होते.

मी पाहिलं, आजी. पाहिलं आणि मनात म्हटलं, ठीकची खूण तर केलीये. पाटीवर दुसऱ्या दिवशीच्या माझ्या सरावधड्याचा क्रम होता, सातवी पायरी राहत होती सारखी. मी ती बघायला मान खाली घातली. चार सेकंद, फार तर पाच. मान वर केली तेव्हा वाळूत तिच्या गुडघ्यांचे दोन खड्डे होते.

तू पाटी घरी ठेव म्हणाली होतीस. मी ते वाचून हसले होते.

सरांनी अहवाल लिहिला. त्यात आहे, की मदतनीस सतत लक्ष ठेवून होती आणि विद्यार्थिनीने ठीक असल्याची खूण केल्यावर नियम मोडून स्वतःहून वर धाव घेतली. सरांना पाटीचं माहीत नाही, मी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, असंच झालं ना? मी मान हलवली. खाली सही केली. तो कागद चौकशी समितीकडे गेला आणि त्याची प्रत त्या बाईला मिळाली. तिचा नवरा प्रत घेऊन आला होता. माझे हात धरून म्हणाला, की ती तुला त्रास दिल्याबद्दल माफी मागतेय.

रोज परीक्षेचा सराव करते. हात आता सावकाश चालतात. कालच्या सरावात मी तिन्ही चुका पकडल्या. सरांनी पहिल्यांदा शाबास म्हटलं आणि मी आत जाऊन ओकले.

काय करू ते सांगू नकोस. नुसती ओरड माझ्यावर.

नात

१६ एप्रिल

चि. पोरीस,

ओरडणार नाही. ओरडायचा हक्क मी बेचाळीस वर्षांपूर्वी घालवला. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आजोबांनाही नाही. तुझ्यासारखं मला दार लावून लिहिता येत नाही. मला कबूल व्हायचं तर शिंप्यासमोर व्हावं लागतं. मी त्यांना म्हटलं, कान बंद करून लिहा. ते म्हणाले, कान बंद केले तर लिहू काय? बरोबरच आहे.

वॉर्डात एक नवी मुलगी लागली होती, सतराची. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. तिला तयार करायचं काम माझ्याकडे. थंडीत, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पोरांजवळ गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायचो. ती आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग फडक्यात गुंडाळायची, मग ठेवायची, तीही अंगाला न टेकवता. हे हातात पिशवी घेऊन दाखवायचं असतं. मी नुसतं सांगितलं. माझा चहा निवत होता. कळलं का, विचारलं. चिमणी म्हणाली, हो मावशी.

त्या रात्री पिशवीने एका तान्ह्या पोरीचा पाय भाजला. जगली ती. पायाचं मला पुढे काही कळलं नाही.

सकाळी वॉर्डाच्या मोठ्या नर्सबाईंनी कागद वाचून दाखवला, की नवीन आयेला सर्व रीतसर शिकवून, करून दाखवलेलं होतं, तिने हयगय केली. मला वाचता येत नव्हतं, ऐकू मात्र तेव्हा दोन्ही कानांनी चांगलं यायचं. मी अंगठा दिला. चिमणी समोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं का, ते मला सांगता येणार नाही. मी पायांची बोटं बघत होते, माझी.

तिला त्याच दुपारी काढून टाकलं. माझी नोकरी राहिली. त्या नोकरीवर तुझे बाबा शिकले, त्यांच्या पाठोपाठ तू. म्हणजे त्या अंगठ्याचं आपण सगळ्यांनीच खाल्लं. तू वॉर्डातल्या गमती ऐकायला मांडीवर बसायचीस तेव्हा मी ही गाळून बाकीच्या सांगायचे.

काय कर ते सांगत नाही. तू नको म्हणालीस म्हणून नव्हे. जिने केलं नाही तिने सांगायचं कोणत्या तोंडाने?

शिंपीबुवांनी मध्येच पेन खाली ठेवला होता, आता पुन्हा उचललाय. उद्यापासून जिन्यात भेटलो की ते माझ्याकडे कसे बघतील याची मला भीती वाटतेय. म्हातारपणी नवीनच.

लोभ तू ठेवशील का, हे यावेळी मी विचारते.

तुझी आजी

५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

ठेवलाय. तो विषय संपला.

२७ एप्रिलला, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी समितीला दुसरा कागद दिला. त्यात पाटीचं, डोळ्यांचं, बुडबुड्यांचं सगळं लिहिलं. आधी सरांना दाखवला. त्यांनी उभ्यानेच वाचला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मी तुला असं शिकवलं नव्हतं, आणि पुन्हा म्हणाले, की म्हणजे मीच नीट शिकवलं नाही. मग माझा मुखवटा त्यांनी स्वतः धुऊन मला परत दिला.

समितीने मला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढेही कधी बसता येणार नाही. मदतनिसाचा परवानाही काढून घेतला. सरांचा वर्ग या हंगामापुरता बंद आहे. बरोबरचे शिकाऊ मला धक्क्यावर बघून दोऱ्या गुंडाळायला लागतात, गुंडाळलेल्या दोऱ्याही. मी आता बंदराजवळच्या एका धोबीखान्यात हॉटेलांच्या चादरी वाफेच्या यंत्राखाली सरकवते.

मग मी तिच्याकडे गेले. पार्लर बंद होतं, आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती, उजवा हात उशीवर. मी उभी राहून सगळं सांगितलं. पाटीचंही. मध्ये एकदाही तिने थांबवलं नाही. मग एकेक शब्द शोधून म्हणाली, "मला वाटत होतं, मीच घाबरट. सगळ्यांना तेच सांगितलं मी."

दोन-अडीच महिने ती स्वतःलाच हसत होती, आजी. येईल त्याला सांगायची, की पोरीने विचारलं होतं, मलाच धीर निघाला नाही.

मी माफी मागितली. तिने माझ्या केसांकडे पाहिलं, वाढलेत, आणि तोंड फिरवलं. आता जा म्हणाली. मी गेले.

चुकांतून माणूस शिकतं म्हणतात, तर शिकले मी. आता रस्त्याने चालतानासुद्धा कळतं, कोण बरं आहे म्हणतंय आणि कुणाचा श्वास अडकलाय. सरांना हवी होती तशी शिक्षिका मी आत्ता झालेय. पाण्यात उतरायची परवानगी नाही एवढंच.

सकाळी उठावंसं वाटत नाही. उठते. तिच्याकडे पुन्हा जाऊ का?

तुझी नात

१४ जून

चि. पाणकोंबडीस, आजीचे आशीर्वाद, मापल्याशिवाय.

जाऊ नकोस. ती जा म्हणाली ना? मग तेवढं तरी तिचं ऐक. पत्रही लिहू नकोस. माफीचं पत्र म्हणजे तिला उत्तराचं काम लावणं, आणि ती डाव्या हाताने लिहिणार कधी?

हे जाईल असं मी म्हणणार नाही. माझं गेलेलं नाही. शिकलीस तू, हात गेला तिचा. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायची सवय कर. नुसतं पहिलं म्हटलंस तर निर्लज्ज होशील, नुसतं दुसरं म्हटलंस तर अंथरुणातून उठणार नाहीस. मीही सवय करतेय. जरा उशीर झाला.

शिंपीबुवा जिन्यात पूर्वीसारखेच बघतात. मात्र त्यांनी मला न विचारता एक काम केलं. वॉर्डातल्या एका जुन्या बाईंचा पत्ता काढला, चिमणीचा ठावठिकाणा विचारायला. परवा उत्तर आलं. ती कुठल्याशा शाळेत झाडलोट करायची. अकरा वर्षांपूर्वी वारली. मी त्यांना ते पत्र पुन्हा वाचा म्हटलं नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं.

तेव्हा तू परीक्षा घालवलीस, पाणी घालवलंस, माणसं घालवलीस, सगळं मान्य. मला रडू आलं, शिंपीबुवांनी ते लिहू का विचारलं, मी लिहा म्हटलं. पण तुझ्यापुढे बसून ऐकायला ती बाई होती. माझ्यापुढे शिंपी आहे.

तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती शनिवारच्या गाडीने निघतेय. विम्याच्या खुर्चीचं एक अक्षर काढलं तर मला कळव. जेव, झोप, चादरी सरकव. लोभ असू दे, मलाही लागतो.

तुझी आजी

ता. क. त्या बाईकडे दर आठवड्याला खायला पाठव. चिठ्ठी नको, नाव नको, डबा परत मागायचा नाही. नवऱ्याच्या हातात दे आणि दारातूनच फिर. चमचा लागेल असं काही नको, रस सांडेल असं नको. एका हाताने, तोही डावा, कुणासमोर लाज न वाटता खाता येईल ते दे. पाव आधीच कापून, लोणी लावून. नासपती पिकलेली, फोडी करून, बिया काढून. अक्रोड फोडून. फिरकीच्या झाकणाची बरणी चुकूनही नको, फडक्यात बांध आणि सैल, एकच गाठ मार. अंडी उकडून, सोलून, अर्धी करून दे. मीठ वरच भुरभुरव, पुडीत देऊ नकोस, पुडी एका हाताने सुटत नाही.